एकसष्ट अर्ज आणि चौथा रकाना

नोकरी शोधणं ही गोष्ट लोक उगाच अवघड करून ठेवतात! हे माझं तेव्हाचं ठाम मत. वशिला लावा, ओळख काढा, कोणाच्या तरी मेव्हण्याला फोन करा... ही सगळी ज्यांना पद्धत ठाऊक नाही त्यांची धडपड. मी मेकॅनिकल इंजिनियर! प्रश्न आला की त्याचे तुकडे पाडायचे, तक्ता मांडायचा, उत्तर काढायचं. चार वर्षं दुसरं केलंय काय? एका सकाळी मी आईला छाती पुढे काढून सांगितलं, "आई, पंधरा दिवसांत नोकरी. लिहून ठेव!"

आई म्हणाली, "लिहून ठेवते. आधी मिक्सरचं झाकण का बसत नाही ते बघ."

आठ महिने मी घरी होतो. त्यामुळे घरातलं एकही यंत्र माझ्या तावडीतून सुटलं नव्हतं. पंखा खोलून झाला, इस्त्री खोलून झाली. फ्लशची टाकी तर मी सहा वेळा उघडली. त्यातल्या पहिल्या दोन वेळाच ती बिघडलेली होती, हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

हसू नका. आठ महिने घरी बसून बघा म्हणजे कळेल. सकाळी सात ते साडेसात आमच्या घरात नुसती पळापळ. बाबा बुटाच्या नाड्या बांधतायत, ताई एका हातानं वेणी घालत दुसऱ्या हातानं डबा भरतेय, आई दोघांवर ओरडतेय. मग दार एकदा वाजायचं, दुसऱ्यांदा वाजायचं, आणि घर एकदम गप्प. उरायचे कोण, तर मी आणि आई. मला त्या पळापळीत असायचं होतं हो! मलाही मोजा सापडत नाही म्हणून चिडायचं होतं. संध्याकाळी येऊन पिशवी कोपऱ्यात टाकून "आज फार दमलो" म्हणायचं होतं. मी बसमध्ये लोकांच्या गळ्यातली ओळखपत्रं बघत बसायचो. सगळ्यांचे फोटो भयाण. पण मला वाटायचं, आपलाही असाच एक भयाण फोटो कुठल्यातरी कंपनीनं काढावा.

कुठल्यातरी म्हणजे खरं सांगायचं तर एकाच. बाबा वेल्डर. बॉयलरच्या कारखान्यात एकतीस वर्षं. बॉयलरचा जो मोठा पोलादी ड्रम असतो, त्याच्या पोटात उतरून आतून सांधे जोडायचे, हे त्यांचं काम. मी लहान असताना त्यांनी एकदाच, जेवता जेवता, सांगितलं होतं, "डिझाईनवाल्यांच्या खोलीला मोठ्या खिडक्या आहेत. ड्रममधून डोकं बाहेर काढलं की समोर दिसतात." एवढंच. पुढे काही नाही. पण त्या दिवसापासून मला त्या खिडकीत बसायचं होतं. आणि घाई होती, कारण बाबा चार महिन्यांनी निवृत्त होणार होते. त्याआधी एक दिवस तरी, अगदी एकच दिवस, सकाळी घरातून त्यांच्याबरोबर निघायचं आणि त्यांच्याबरोबर त्याच फाटकातून आत जायचं. असं मला फार वाटायचं. बाबांना काय वाटायचं ते विचारायची सोय नव्हती. ते घरीही ड्रममध्ये असल्यासारखेच बोलायचे, म्हणजे बोलायचेच नाहीत.

तर मी तक्ता मांडला. चार रकाने. पहिल्यात कंपनीचं नाव, दुसऱ्यात ईमेल, तिसऱ्यात तिथं कोणी ओळखीचं असल्यास त्याचं नाव आणि विभाग, आणि चौथ्यात माझं खास संशोधन: प्रेमाचा परिच्छेद! बाकीचा अर्ज सगळ्यांना सारखाच. पण मधे एक परिच्छेद असा, की वाचणाऱ्याला वाटावं, या मुलाचा जन्मच आपल्या कंपनीसाठी झालाय. एकसष्ट कंपन्या, एकसष्ट परिच्छेद. सायकलवाल्यांना वेगळं प्रेम, गादीवाल्यांना वेगळं, भोंगेवाल्यांना वेगळं.

आता कबूल करतो, त्यातले साठ परिच्छेद साफ खोटे होते. नोकरी मागणारा माणूस गादीच्या कंपनीला काय खरं लिहिणार? मी लिहिलं, "माझे वडील रोज दुपारी जेवण झालं की तासभर तुमच्या उत्पादनावर आडवे होतात. त्यांना उठवायला दोन माणसं लागतात." बाबा उभ्या आयुष्यात दुपारी झोपलेले नाहीत. पण गादीवाल्यांना बरं वाटलं असतं! खरा परिच्छेद एकच होता. तो बॉयलरच्या कारखान्यासाठी होता आणि तो लिहायला मला चार दिवस लागले.

तक्ता तयार झाला तेव्हा ताई मागे येऊन उभी राहिली. ताई ग्रंथालयात कामाला आहे. जगातली कुठलीही गोष्ट अकारविल्हे लावल्याशिवाय तिला चैन पडत नाही. आमच्या घरात मसाल्याचे डबेसुद्धा अकारविल्हे असतात.

"हे काय रे?" ती म्हणाली. "सायकल मधेच, बॉयलर खाली, गादी वर! उद्या उत्तर आलं तर कोणाचं कुठं शोधशील?"

"मी इंजिनियर आहे ताई."

"म्हणूनच म्हणतेय. क्रमानं लाव."

मी लावला. रकाने निवडले, बटण दाबलं, नावं टुणकन आपापल्या जागी जाऊन बसली. मग शिकल्याप्रमाणे नमुना तपासला. पहिली ओळ काढली, कंपनीचं नाव बघितलं, परिच्छेद बघितला. तंतोतंत! अर्ज पाठवायचा छोटा प्रोग्रॅम मी स्वतःच लिहिला होता. दुपारी तीन वाजता तो सुरू केला आणि चार मिनिटांत एकसष्ट अर्ज रवाना! माझे वर्गमित्र एक अर्ज पाठवायला अख्खा दिवस घेत होते. मला त्यांची कीव आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं उत्तर आलं. स्ट्रेचर बनवणाऱ्या कंपनीचं. मी ओरडलोच, "आई, आलं बघ!" आणि वाचायला लागलो:

"महोदय, आपण लहानपणी आमच्या उत्पादनावर मित्राला डबलसीट बसवून, दोन्ही हात सोडून उतारावरून खाली येत असल्याचे कळवले आहे. सदर उत्पादन आपण कोणत्या रुग्णालयातून मिळवले, हे कृपया कळवावे."

मी दोनदा वाचलं. तेवढ्यात दुसरं आलं. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी यंत्रं बनवणाऱ्या कंपनीचं: "आमचे उत्पादन दोन गल्ल्या पलीकडे ऐकू जाते व त्यामुळे कुत्री पळतात, ही आपली तक्रार नोंदवून घेतली आहे."

"ताई!" मी किंचाळलो. सुदैवानं तिला सुट्टी होती. तिनं येऊन तक्ता बघितला. एकदा बघितला, चष्मा पुसून पुन्हा बघितला.

"तू किती रकाने निवडले होतेस?"

"सगळे."

"तीन, बाळा. नाव, ईमेल, ओळख. तेवढेच सरकलेत. तुझं प्रेम होतं तिथंच बसलंय!"

"शक्य नाही! मी पहिली ओळ तपासली होती!"

"पहिली कंपनी अ वरून आहे. ती आधीही पहिलीच होती, नंतरही पहिलीच राहिली."

पहिली सोडून साठ कंपन्यांना दुसऱ्याच कोणावरचं माझं प्रेम पोचलं होतं! ताई खाली खाली जात होती आणि मधेच तोंडावर हात ठेवत होती. अचानक माझ्या डोक्यात वीज चमकली.

"बॉयलर! बॉयलरवाल्यांना काय गेलं?"

ताईनं बोट सरकवलं. तिचं हसू एकदम थांबलं.

"गादीचं," ती म्हणाली.

आणि तिसऱ्या रकान्यात, ओळख म्हणून, सुवाच्य अक्षरात बाबांचं पूर्ण नाव, विभाग: ड्रम शॉप, तिकीट नंबर चारशे सतरा. रोज दुपारी. तासभर. तुमच्या उत्पादनावर. दोन माणसं लागतात!

तो दिवस मी कसा काढला ते मलाच ठाऊक. संध्याकाळी बाबा आले. बूट काढले. हातपाय धुतले. चहा घेतला. मग खिशातून एक चौकोनी घडी काढली आणि टेबलावर ठेवली.

"मेमो आलाय," ते म्हणाले.

एकतीस वर्षांत बाबांना मेमो नव्हता. आई तशीच हातात उलथनं घेऊन बाहेर आली. ताईनं वाचलं:

"कंपनीस प्राप्त झालेल्या लेखी माहितीनुसार आपण दररोज भोजनोत्तर एक तास कंपनीच्या उत्पादनावर निद्रा घेता, व आपणांस जागे करण्यास किमान दोन व्यक्तींची आवश्यकता भासते, असे निदर्शनास आले आहे. तरी समक्ष हजर राहून खुलासा करावा."

"माहिती कोणी दिली म्हणून विचारलं," बाबा म्हणाले, "तर म्हणाले, घरच्या माणसानं." आणि त्यांनी हळूच आईकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघताय अहो?" आई उसळली. "मी कळवायचं असतं तर घोरण्याचंही कळवलं असतं!"

"मी... बाबा, ते मी," मी म्हणालो.

सगळं सांगितलं. रकाने सांगितले, गादी सांगितली, कुत्री सांगितली. बाबा ऐकत होते. ओरडतील असं वाटत होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "आमच्यासाठी लिहिलेलं कुठं गेलं मग?"

ताईनं शोधलं. शोधलं आणि स्क्रीन हातानं झाकली.

"सांग की!"

"कमोडच्या कंपनीला," ताई म्हणाली.

"वाच."

"बाबा, नको," मी म्हणालो.

"वाच म्हणतो ना."

ताई वाचायला लागली. "माझे वडील एकतीस वर्षं तुमच्या उत्पादनाच्या आत उतरून काम करतात..." एवढं म्हणाली आणि तिला जे हसू फुटलं! आईनं उलथनं तोंडावर धरलं. बाबांनी मात्र हात वर केला, तशी ताई सावरली आणि पुढे वाचू लागली. "आत अंधार असतो, उकाडा असतो, जागा एकाच माणसापुरती असते. बाहेर येतात तेव्हा त्यांचा चेहरा ओळखू येत नाही. लहानपणी मला वाटायचं, हे आत नेमकं काय करतात? इंजिनियरिंगला गेल्यावर कळलं. त्यांनी जोडलेला एकही सांधा आजवर गळलेला नाही. मला चांगली नोकरी हवी आहे, पण त्याहून जास्त मला त्यांच्या कामाजवळ काम करायचं आहे."

आता कोणी हसत नव्हतं. बाबा टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत होते.

"परत वाच," ते म्हणाले.

ताईनं परत वाचलं.

"एक सांधा गळला होता," बाबा म्हणाले. "सातव्या वर्षी. तेवढं दुरुस्त कर."

"बाबा, पत्र गेलंय!"

"हां," ते म्हणाले आणि हात धुवायला उठले. हात मघाशीच धुतलेले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं कारखान्यात गेलो. बघा नशीब! ज्या फाटकातून बाबांबरोबर आत जायचं म्हणून मी आठ महिने झुरत होतो, त्याच फाटकातून गेलो. फक्त मेमोचा खुलासा करायला! माझ्या छातीवर चिकटपट्टीनं ‘अभ्यागत’ असा कागद लावला होता. तो दर पाच मिनिटांनी गळून पडत होता आणि बाबा दरवेळी वाकून उचलून देत होते.

एचआरच्या मॅडम टेबलामागे बसल्या होत्या. शेजारी सेफ्टी ऑफिसर उभे. त्यांच्या हातात एक जुनं पोतं होतं, ते त्यांनी मेलेला उंदीर धरावा तसं दोन बोटांत धरलं होतं.

"पुरावा!" ते गरजले. "चार नंबरच्या ड्रमवर सापडलं! झोपायची व्यवस्था!"

"साहेब, ते मी गुडघ्याखाली घेतो," बाबा म्हणाले. "वेल्डिंग करताना. पत्रा तापलेला असतो."

"ते काही नाही! मी स्वतः प्रयोग करून बघितलाय. ड्रमवर पोतं टाकलं की माणूस आरामात मावतो. पाठीला अगदी बरोबर बसतं!"

मॅडमनी मान वर केली. "तुम्ही आडवे झाला होता?"

"तपासासाठी, मॅडम!"

"किती वेळ?"

सेफ्टी ऑफिसरनी पोतं दुसऱ्या हातात घेतलं. "पाऊण तास," ते म्हणाले. "म्हणजे... जेवणानंतरचीच वेळ होती."

मी पुढे होऊन छापून आणलेला तक्ता टेबलावर पसरला. गादी दाखवली, बॉयलर दाखवला, कुठला रकाना कुठं सरकला ते बोट ठेवून समजावलं. मॅडम समजूतदार होत्या. त्यांनी मेमो बाबांच्या समोर फाडला. बाबांनी ते चार तुकडे मागून घेतले आणि खिशात ठेवले. मला वाटलं सुटलो. नुसता सुटलो नाही, मला तर आशा वाटायला लागली! कारण मॅडम माझा अर्ज चाळायला लागल्या होत्या.

"डिझाईनसाठी अर्ज होता ना?" त्या म्हणाल्या. "गुण चांगले आहेत. एक जागा आहेही."

दाराच्या काचेतून पलीकडे ती खोली दिसत होती. मोठ्या खिडक्या खऱ्याच होत्या. एक टेबल रिकामं होतं, अगदी खिडकीजवळचं.

"आमच्याकडे काम सगळं तक्त्यांचंच," मॅडम पुढे म्हणाल्या. "एका रकान्यात पत्र्याची जाडी, शेजारी वाफेचा दाब. समजा त्यातला एक रकाना सरकला आणि दुसरा राहिला. काय होईल?"

मी इंजिनियर. उत्तर येत होतं. येत नसतं तर किती बरं झालं असतं!

"बॉयलर फुटेल," मी म्हणालो.

"मग?" त्या म्हणाल्या. आवाज रागाचा नव्हता.

मी बाबांकडे बघितलं. एकतीस वर्षांची नोकरी, त्यांनी एक शब्द टाकला असता तर? बाबा खाली बघत होते. मग म्हणाले, "मॅडमचं बरोबर आहे."

फाटकाशी पोचल्यावर बाबा म्हणाले, "मी त्यांच्या जागी असतो तरी हेच म्हणालो असतो." मी मान हलवली. "पण वाईट वाटलं," ते म्हणाले, आणि कामावर परत गेले.

चार दिवस मी अंथरुणातून उठलोच नाही म्हणा ना. आईनं मिक्सर स्वतःच दुरुस्त करून घेतला, यावरून परिस्थिती ओळखा. पाचव्या दिवशी फोन वाजला. कमोडच्या कंपनीच्या मालकीणबाई स्वतः बोलत होत्या! "तुमचा अर्ज वाचला. उद्या दहा वाजता या." एवढंच म्हणाल्या आणि फोन ठेवला. आवाज जरा भरून आलेला वाटला. मी मनाची समजूत घातली, सर्दी असेल.

त्यांची कचेरी म्हणजे एक लांबलचक खोली. भिंतीला लागून ओळीनं बारा कमोड, पांढरे स्वच्छ, एकापेक्षा एक. मालकीणबाई साठीच्या पुढच्या, पांढरे केस, जाड भिंगाचा चष्मा. मला बघताच म्हणाल्या, "बस बाळा."

मी इकडेतिकडे बघितलं. घाबरून सगळ्यात जवळच्या कमोडचं झाकण खाली केलं आणि बसलो.

"तिथं नाही! खुर्ची तुझ्या मागं आहे!"

मी उठलो, खुर्चीत बसलो, आणि समोर बघतो तर काय! भिंतीवर माझं पत्र. मोठ्या अक्षरात छापून, जाड पुठ्ठ्यावर चिकटवून लावलेलं!

"गेले आठ दिवस तिथंच आहे," मालकीणबाई म्हणाल्या. "साचे भरणाऱ्या मामांनी वाचलं आणि डोळे पुसले. चाळीस वर्षं हा धंदा करतेय मी. लग्नकार्यात कोणी विचारलं, काय करता, तर सांगितल्यावर लोक ओठ दाबून हसतात. माझा मुलगा शाळेत सांगायचा, आईचा कपबशांचा कारखाना आहे. आणि तू लिहिलंस, वडिलांच्या कामाजवळ काम करायचंय म्हणून!" त्यांनी चष्मा काढला. सर्दी नव्हती ती. "आता मला सांग, वडील कुठल्या विभागात आहेत? एकतीस वर्षं म्हणजे मला माहीत असायलाच हवेत. दोन दिवस आम्ही जुनी रजिस्टरं काढून बसलोय. नाव सापडेना! त्यांचा सत्कार करायचं ठरलंय."

एक थाप! फक्त एक! ‘ते ठेकेदाराकडून येतात’ म्हटलं असतं तरी भागलं असतं. टेबलावर त्यांच्या हाताशीच कोऱ्या ओळखपत्रांचा गठ्ठा होता, निळ्या पट्ट्यांसकट. मला ती पट्टी किती हवी होती, हे तुम्हाला सांगून कळायचं नाही. साठ थापा मी घरी बसून आरामात लिहिल्या होत्या. पण इथं त्या बाई चष्मा हातात घेऊन बघत होत्या, आणि थाप तोंडातून निघेचना!

"बाई," मी म्हणालो, "ते तुमच्याबद्दल नाहीये."

आणि तिसऱ्यांदा सगळी कथा सांगितली. त्या ऐकत गेल्या आणि चेहरा उतरत गेला.

"म्हणजे बॉयलर," त्या म्हणाल्या.

"हो."

"मला वाटलं, आलं एकदाचं कोणीतरी." त्यांनी पत्राकडे बघितलं. "आमच्यासाठी काही लिहिलंच नव्हतंस का?"

"लिहिलं होतं ना! पण ते... खोटं होतं."

"काय होतं?"

मी मान खाली घालून पाठ म्हणून दाखवलं, "रोज सकाळी मी वर्तमानपत्र घेऊन तुमच्या उत्पादनावर बसतो, आणि उठतो तेव्हा माझं मन हलकं झालेलं असतं."

"हे कोणाला गेलं?"

"हेल्मेटच्या कंपनीला."

मालकीणबाईंच्या घशातून एक बारीक आवाज आला. मला वाटलं रडतायत. छे! त्या हसत होत्या. टेबलावर डोकं टेकवून हसत होत्या, पुन्हा वर बघत होत्या, "हेल्मेट!" म्हणत होत्या आणि पुन्हा डोकं टेकवत होत्या. आतून मामा धावत आले, त्यांनाही त्यांनी सांगितलं. मामांनी भिंतीचा आधार घेतला.

हसून झाल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि एकदम धंद्याच्या आवाजात म्हणाल्या, "ती सात नंबरची टाकी गळतेय. तीन दिवस कोणाला कारण सापडलेलं नाही. बघ."

देवा! टाकी! मी बाह्या वर केल्या. झाकण काढलं, पाणी सोडलं, कान लावला. आमच्या घरच्या टाकीत मी सहा वेळा हात घातलेला होता, त्यातल्या चार वेळा काही कारण नसताना! पाच मिनिटांत म्हणालो, "वॉशर ठीक आहे. तो ज्या कडेवर टेकतो ती कडच वाकडी आहे. साच्यातच दोष असेल. याच साच्यातल्या बाकीच्या टाक्याही गळतील."

मामांनी बाईंकडे बघितलं. बाईंनी मामांकडे बघितलं. "साच्यात दोष आहे हे माझ्या तोंडावर सांगायला इथं कोणी तयार नव्हतं," बाई म्हणाल्या. "सोमवारपासून ये. चाचणी विभागात, इंजिनियर म्हणून. एक अट आहे. सहा महिने तक्त्याला हात लावायचा नाही."

मी भोंग्यासारखा "हो!" म्हणालो. निघताना त्यांनी हाक मारली, "आणि ते पत्र भिंतीवरच राहू दे. वडिलांना आण एकदा, बघतील."

सोमवारी सकाळी मला मोजा सापडेना! मी चिडलो, आई ओरडली, ताई ओरडली, मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! बाबा नाड्या बांधून दारात उभे होते. त्यांचा कारखाना एका टोकाला, माझा बरोबर उलट्या टोकाला. एका फाटकातून आत जायचं आमचं काही जमायचं नव्हतं, हे दोघांनाही कळत होतं.

"कोपऱ्यापर्यंत येतो," बाबा म्हणाले.

कोपऱ्यावर पोचलो. "बसथांब्यापर्यंत येतो."

बस आली. मी चढलो. वळून बघतो तर बाबा मागच्या दारानं चढलेले!

"बाबा, तुम्हाला उशीर होईल!"

"पुढच्या थांब्यावर उतरतो," ते म्हणाले आणि खिडकीशी बसले. पुढचा थांबा आला, गेला. त्याच्या पुढचा आला, तोही गेला. फाटकाशी उतरलो. बाबांनी माझी कॉलर सारखी केली, जी सारखीच होती. मी आत गेलो, फोटो काढून घेतला, भयाण आला. ओळखपत्र गळ्यात घालून बाहेर डोकावलो तर बाबा अजून फाटकाच्या गजाला धरून उभे. मी पट्टी वर करून दाखवली. त्यांनी मान डोलावली आणि परतीची बस पकडायला अक्षरशः पळत सुटले.

संध्याकाळी मी घरी आलो, पिशवी कोपऱ्यात टाकली आणि "आज फार दमलो" म्हणणार, तर टेबलावर चौकोनी घडी दिसली. मेमो! दीड तास उशिरा आल्याबद्दल. मी घडी उलगडली. ‘विलंबाचे कारण’ असं छापलेलं होतं, त्यापुढे बाबांच्या जाड, सरळ अक्षरात लिहिलं होतं: "मुलाला कामावर पोचवायला गेलो होतो."

त्याखाली लाल शाईत एचआरच्या मॅडमनी विचारलं होतं: "मुलाचे वय?"

आणि त्याखाली पुन्हा बाबांच्या अक्षरात: "तेवीस."